हायसा काय गं घरात?

चिंचणगीत महादेवाला सगळे म्हादू म्हणत, आणि माईक दिसला की म्हादूला राहवत नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. बेळगावला उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत तो सुपरवायझर. आठवडाभर तिकडंच खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मोटारसायकल निपाणीकडं हाणायची, वेदगंगेच्या काठाला आपल्या गावी. पण फौंड्री ही झाली पोटाची ओळख. खरी ओळख म्हणजे कथाकथन. आमच्या या सीमाभागात थंडी पडली की गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग अध्यक्षांचं न संपणारं भाषण, मग मसालेभात, आणि मसालेभातानं डोळे मिटायला लागले की कथाकथन. त्या वेळी मंडप जागा ठेवायचा म्हणजे काय खायचं काम आहे काय? म्हादू ठेवायचा. त्याची युक्ती साधी होती आणि काही त्यानं शोधलेली नव्हती, इकडं सगळेच कथाकार ती करतात. ज्या गावात गोष्ट सांगायची त्याच गावातला एखादा माणूस उचलायचा, नाव घ्यायचं नाही, पण चाल आणि बोलणं तसंच्या तसं ठेवायचं. माणसं ओळखतात, एकमेकांना कोपरानं ढोसतात, मंडप डोक्यावर घेतात. ज्याला उचललाय तोही हसतो. चारचौघांत न हसून सांगतोय कुणाला?

आता पुराचं. चिंचणगीला पूर काही नवा नाही, खालची गल्ली दर दोन-तीन वर्षांनी पाण्यात जाते. पावसाळ्याच्या तोंडाला सरकारी रिक्षा येते, कर्ण्यावरून सूचना देते, छापील कागद वाटते. त्या कागदांत बायका भजी गुंडाळतात. मागच्या मोठ्या पुरात तर कहर झाला. खालच्या गल्लीतला भरमू टीव्ही काढायला म्हणून पुन्हा घरात शिरला आणि टीव्ही राहिला बाजूला, भरमूलाच छपरावरून दोर लावून काढावं लागलं. त्या दिवसापासून म्हादूच्या मनात होतं की या माणसांच्या डोक्यात काहीतरी घुसवलं पाहिजे. पण घुसवायचं कसं ते काही सुचत नव्हतं.

ते सुचवलं त्याच्या पोरीनं. सहावीतली ऋतिका एका सुट्टीत पांघरुणात तोंड खुपसून मोबाईल बघत होती. किंचाळायची आणि पुन्हा बघायची.

"काय बघतीस गं?"

"झॉम्बी."

"ते आणि काय असतंय?"

बापाच्या अडाणीपणाची तिला कीव आली. तिनं समजावून सांगितलं, "मेलेली माणसं उठून चालत येत्यात, पप्पा. पळत न्हाईत, पण थांबत बी न्हाईत. चावली की आपण बी तसंच होतोय."

"मग करायचं काय?"

"पिशवी आधीच भरून ठेवायची आणि उंचावर जायचं. जी सामान आणायला माघारी जात्यात, ती मरत्यात. दरवेळी."

म्हादू ताडकन उठून बसला. अरे मर्दा, हे तर पाणीच की! पळत नाही आणि थांबतही नाही.

आठ-पंधरा दिवस फौंड्रीत भट्टीपुढं उभा राहून त्यानं गोष्ट जुळवली. वेदगंगेच्या डोहातली मढी उठतात. आधी ओढ्यानं येतात, मग म्हसोबाच्या दगडापाशी, मग खालच्या गल्लीत, मग मारुतीच्या देवळाच्या पायरीला लागतात. जशी पाण्याची वाट, तशीच मढ्यांची. माळावरच्या हायस्कूलला मात्र त्यांना चढता येत नाही. ज्यांनी प्लास्टिकात कागदपत्रं, औषधं, बॅटरी, शिट्टी आणि चिरमुरे बांधून पिशवी खुंटीला ठेवलीय, ते वाचतात. टीव्हीसाठी माघारी वळतो, तो मढं होऊन परत येतो. शेवटी सगळं गाव शाळेत, दाराला आतून कडी, आता कुणी बाहेर जायचं नाही. इथवर गोष्ट शहाणी होती. पण शहाण्या गोष्टीला मंडप हसत नाही. म्हादूला हशा पाहिजे होता, आणि हशासाठी त्याला गुणाबाई सापडली.

गुणाबाई खालच्या गल्लीत अगदी शेवटच्या घरात एकटी राहायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. उमेदीची सगळी वर्षं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत गेली, तिथंच पोती अंगावर कोसळून डावा पाय अधू झाला. तेव्हापासून ती पाय फरफटत चालायची. म्हादूची आई मनुबाई आणि ती, दोघी वखारीतल्या जोडीदारीण. दिवेलागणीला गुणाबाई गल्लीतनं निघायची आणि प्रत्येक उंबऱ्यापाशी थांबून हाक घालायची, "हायसा काय गं घरात?" मागायची काही नाही. घटकाभर टेकायची, बोलायची आणि पुढच्या दाराला जायची. एकट्या बाईला संध्याकाळ काढायची असते, एवढंच.

तर म्हादूच्या गोष्टीत सगळ्यात शेवटी एक मढं येतं. डावा पाय फरफटत माळ चढतं, शाळेच्या दाराशी येतं आणि लांबलचक सुरात विचारतं, "हायसा काय गं घरात?" आणि आतनं सगळी ओरडतात, "कोण न्हाय!"

चिंचणगीच्या संमेलनात हे पहिल्यांदा झालं. म्हादूनं माईकची वायर हातात गुंडाळली, पाय ओढत स्टेजवर दोन फेऱ्या मारल्या, पदर सावरल्याची खूण केली आणि ती हाक दिली. मंडप फुटायचा राहिला. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. पाहुणे अध्यक्ष डोळे पुसायला लागले. पहिल्या रांगेत बचत गटाच्या बायका बसवल्या होत्या, त्यांच्यात गुणाबाई होती. म्हादूनं तिच्याकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. हसतीय, म्हणजे चाललंय, असं त्यानं धरलं. दुसऱ्यांदा हाक घालताना त्यानं पोरांना हातानं इशारा केला, तशी सगळी पोरं एका सुरात ओरडली, "कोण न्हाय!"

गोष्ट गाजली. आजूबाजूच्या चार गावांच्या संमेलनांनी म्हादूला बोलावलं. शाळेच्या मास्तरांनी तर शनिवारचा खेळच बसवला. शिट्टी झाली की पोरांनी घरची पिशवी उचलून माळावर धावत यायचं, शेवटचं आलं की कडी. घरोघरी खुंटीला खरोखरच पिशव्या लागल्या. कर्णेवाल्या रिक्षाला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते म्हादूच्या मढ्यांनी करून दाखवलं, हे कबूल करायलाच पाहिजे. फक्त खेळ संपवायला पोरांना कुणीतरी गुणाबाई लागायची. त्यावरून भांडणं व्हायची, कारण तो पार्ट सगळ्यांनाच पाहिजे असायचा.

एका संध्याकाळी म्हादू गावात शिरत होता. समोरनं गुणाबाई येत होती आणि तिच्या मागं पाच-सहा पोरं डावा पाय ओढत चालली होती. ती थांबली की पोरं थांबत. ती एका दाराशी वळली तशी पोरं आधीच ओरडली, "कोण न्हाय!" आणि खिदळत पळाली. गुणाबाईनं हाक घातलीच नाही. ती तशीच माघारी फिरली. म्हादूनं हे सगळं डोळ्यांनी बघितलं. दोन शब्द बोलून पोरांच्या कानाखाली आवाज काढायचा, ते राहिलं बाजूला. त्यानं मोटारसायकल वळवली आणि देवळामागच्या बोळातनं घर गाठलं.

थोड्या दिवसांनी आई म्हणाली, "गुणी हल्ली येत न्हाय बघ घराकडं. दिवेलागणीला बाहेरच पडत न्हाय. तू जाऊन तेवढं बोल तिच्यासंगं."

"बोलतो की. पुढच्या सुट्टीला जातो."

पुढची सुट्टी आली आणि गेली. त्याच्या पुढचीही. जायचं म्हटलं की नेमकं दुसरं काम निघायचं. तेवढ्यात जुलै लागला.

त्या वर्षी पावसानं दम घेतलाच नाही. म्हादू कसाबसा गावी पोचला आणि मागं हायवेवर पाणी आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतोय तर नदीचं पाणी शिरून ओढा उलटा फिरलेला, म्हसोबाचा दगड दिसेनासा झालेला. तो पळत देवळात गेला आणि माईक सुरू केला. पूर आला, असं तो म्हणालाच नाही. घसा ताणून ओरडला, "मढी उठली रं! मढी म्हसोबापाशी आली! उचला पिशव्या!"

आणि काय सांगू, गाव उठलं! पोरांनी म्हाताऱ्यांच्या हाताला धरून ओढलं. भरमू टीव्हीकडं बघायला लागला तर त्याच्या नातवानं त्याला ढकलत बाहेर काढलं, "तात्या, मढं व्हायचंय काय?" शेजारच्या ज्योतिबानं ट्रॅक्टर काढला, आजारी माणसं आणि बाळंतिणी वर नेल्या. पोरांना हायस्कूलच्या कडेच्या वर्गात बसवलं आणि मोठी माणसं मागच्या बाजूला जनावरं, धान्य, चुली मांडायच्या मागं लागली. खालच्या गल्लीत पाणी गुडघ्याला लागायच्या आत गाव माळावर होतं. म्हादूच्या पाठीवर थापा पडत होत्या. ज्योतिबा म्हणाला, "म्हाद्या, लेका, तुझ्या गोष्टीनं गाव तारलं बघ." म्हादूनं नाही-नाही म्हटलं, पण त्याची छाती चार बोटं फुगली होती.

जेवणाच्या वेळेला मनुबाईनं विचारलं, "गुणी कुठं हाय?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. मागच्या शेडात बघितलं, वरच्या वर्गांत बघितलं. ट्रॅक्टरवर तिला कुणी घेतल्याचं कुणाला आठवेना. ज्योतिबा म्हणाला, "म्हातारी हट्टी हाय, घर सोडलं नसंल." सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हादूनंही डोलावली. तेवढ्यात त्याचा सदरा कुणीतरी ओढला. ऋतिका होती, तोंड पांढरं पडलेलं.

"पप्पा, जरा हिकडं या."

तिनं त्याला व्हरांड्याच्या टोकाला नेलं.

"त्या आज्जी आलत्या."

"कुठं?"

"हितं. दाराशी. लई भिजल्या हुत्या. त्यांनी हाक मारली, हायसा काय गं, म्हणून."

"मग?"

"आम्ही ओरडलो, कोण न्हाय. आणि कडी लावली. मला वाटलं खेळच हाय. बारकी पोरं खरंच भ्याली, रडाय लागली, म्हणून मग उघडलं न्हाय. तुम्हीच सांगितलंय न्हवं पप्पा, कडी काढायची न्हाय म्हणून."

"आणि ती?"

"थोडा वेळ उभ्या हुत्या. मग गेल्या खाली."

पोरीला मारायला म्हादूचा हात उठला आणि तसाच हवेत राहिला. कुणाला मारतोस, म्हादू? त्या पोरीनं तुझा शब्द पाळलाय. अधू पायाची, सत्तरी ओलांडलेली बाई भर पावसात तो माळ एकटी चढून आली आणि गावातल्या सगळ्या पोरांनी एका सुरात तिला सांगितलं की कोणी नाही. तो सूर त्यानंच तर शिकवला होता, हाताचा इशारा करून.

तो धावला. ज्योतिबाच्या ट्रॅक्टरवर देवळापर्यंत गेला, तिथून पुढं चाक घालायची सोय नव्हती. कमरेला दोर बांधला, दुसरं टोक ज्योतिबाच्या हातात दिलं आणि भिंतींना धरत खालच्या गल्लीत उतरला. पाणी छातीला लागलं. गढूळ, गार पाणी, वरनं उसाचा पाला आणि कुणाचं तरी पिंप वाहत चाललेलं. शेवटच्या घराचं दार उघडंच होतं.

गुणाबाई माळ्याच्या शिडीवर वरच्या पायरीला बसली होती. पाणी खालच्या पायऱ्यांवर खेळत होतं. तिच्या मांडीवर पिशवी होती, प्लास्टिकात गुंडाळून सुतळीनं बांधलेली.

"कोण हाय?" तिनं विचारलं.

"मी, आत्ती. म्हादू."

"व्हय काय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर म्हादूला बरं वाटलं असतं.

"चल आत्ती, पाणी वाढतंय."

"तू जा रं. मी हाय हितं बरी. माळा उंच हाय."

"मातीचं घर हाय आत्ती, राहायचं न्हाय हे. चल तू."

ती पिशवीवरची सुतळी चाचपत राहिली. "मी भरली हुती बघ. तू सांगितलंतंस तसं समदं. कार्ड, गोळ्या, बॅटरी. गोष्ट चांगली हुती तुझी. मी सगळी ऐकली. मला लई भ्या वाटलं पाण्याचं, म्हणून भरली."

भर मंडपात शेकडो माणसं हसत होती, आणि ही बाई, जिच्यावर हसत होती ती बाई, पदराआड बसून नीट ऐकत होती.

"शिट्टी न्हवती काय पिशवीत?" त्यानं उगाचच काहीतरी विचारलं.

"हाय की."

"मग वाजवायची न्हाय? आम्ही आलो असतो."

"वाजवून काय करू बाबा? कोण न्हाय म्हणाली की समदी."

म्हादू त्या पाण्यात उभा होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात, पण पायाखाली धरणी तरी कुठं होती? त्यानं शिडीवर लोंबकळणारा तिचा पाय धरला. हाताला लागला तो डावाच.

"चुकलो, आत्ती. माझं चुकलं. चपलानं मार मला, पण चल."

"सोड, दुखतोय त्यो," ती म्हणाली.

"तू येणार नसशील तर मी बी हितंच बसतो."

गुणाबाईनं त्याच्याकडं बघितलं. पाणी त्याच्या छातीवर हिंदकळत होतं. मग तिनं सुस्कारा सोडला. "तुझी आई तिकडं जीव टांगून बसली असंल. तिला कशाला ताप? धर पिशवी."

त्यानं तिला पाठकुळी घेतलं. तिला वजनच नव्हतं.

माळावर पोचल्यावर जे झालं ते म्हादूला पुराहून जड गेलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. गुणाबाईला पाठीवर घेऊन चिखल तुडवत येणाऱ्या म्हादूचा कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि ज्योतिबा वरनं बोलत होता, "म्हातारी हट्टानं बसली हुती, आमच्या म्हादूनं जिवावर उदार होऊन आणली!" म्हादूला ओरडून सांगायचं होतं की असं नाही. तोंड उघडलं, आणि टाळ्या इतक्या होत्या की त्यानं ते मिटलं. गुणाबाई वर्गात आली नाही. आत बारकी पोरं तिला बघून आयांच्या मागं लपत होती. तिनं व्हरांड्यातच पोतं टाकलं आणि मनुबाई तिच्याशेजारी जाऊन बसली. आईनं म्हादूकडं एकदा बघितलं. पोरं का लपतात ते तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस जरा ओसरला आणि बोटीतनं तालुक्याचे साहेब आले. कन्नड माणूस, पण मराठी मोडकंतोडकं बोलायचे. गाव आधीच माळावर, एकही माणूस गेला नाही, हे बघून त्यांना काय आनंद झाला. "भाळ छलो, भाळ छलो!" म्हणजे लई चांगलं, असं म्हणत त्यांनी म्हादूचा हात धरला. "तुमची ती मड्याची स्टोरी, सगळ्या गावात सांगायला पाहिजे. आम्ही जीप देतो, माईक देतो." मग कुणीतरी गुणाबाईला दाखवलं आणि हीच ती म्हातारी, घर सोडत नव्हती, असं सांगितलं. साहेब तिच्यासमोर वाकले. रागवले नाहीत, पण शाळेतल्या पोरीला सांगावं तसं म्हणाले, "अज्जी, सगळे आले, तुम्ही का नाही आलात? तुमच्यामुळं ह्यांचा पण जीव गेला असता की."

गुणाबाईनं हात जोडले. "चुकलं साहेब," ती म्हणाली.

म्हादू पुढंच उभा होता. साहेबांचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता. त्याला वाटलं, हा हात भट्टीतून काढलाय आणि आपल्याला भाजतोय.

"तिचं चुकलं न्हाय," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की साहेबांना ऐकू गेला नाही. माईकशिवाय बोलायची त्याला सवय नव्हती. तो पुन्हा म्हणाला, या वेळी मोठ्यानं, "ती आलती साहेब. आपल्या पायानं वर आलती. दाराला कडी होती. ती का होती ते मला ठाऊक हाय. माझ्या गोष्टीतलं शेवटचं मढं हीच हाय. मी हिचाच पाय ओढून दाखवतोय, हिचीच हाक घालतोय, आणि पोरांना कोण न्हाय म्हणून ओरडायला मीच शिकवलंय."

ज्योतिबा खाली बघायला लागला. आणि एवढ्यात एका बाईनं आपल्या पोराच्या पाठीत धपाटा घातला, "तू होतास काय रं त्यात?" दुसरीनं दुसऱ्याला ओढलं. पोरं भोकाड पसरून रडायला लागली, ऋतिका तर हुंदक्यांनी गुदमरली.

"ए, मारू नका गं पोरास्नी!" गुणाबाई ओरडली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "त्यांनी काय केलंय? सांगितलं तसं वागली. त्यामुळंच तर वाचली."

म्हादू म्हणाला, "ती गोष्ट मी आता सांगणार न्हाय. निदान ते शेवटचं मढं तरी काढून टाकतो."

"मग गोष्टीत राहिलं काय?" मागनं भरमू पुटपुटला. त्याला कुणीतरी गप्प केलं, पण तो खोटं बोलला नव्हता.

गुणाबाई म्हादूकडं बघत होती. "सांग की गोष्ट," ती म्हणाली. "खालच्या गावातल्या बी पोरास्नी कळू दे. मला काढू नको. राहू दे मला त्यात. फक्त शेवटी आत घे."

म्हादूच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं, भर माणसांत, साहेबांपुढं. ते लपवायला त्याला पदरही नव्हता.

"आत्ताच सांग," मनुबाई म्हणाली. तिच्या सुरात विनंती नव्हती. "पोरं भ्याल्यात. तिच्यापुढं सांग."

वर्गातली पोरं व्हरांड्यात आणून बसवली. नाकं ओढत, डोळे पुसत बसली. गुणाबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती, तिच्याभोवती मात्र बरीच जागा मोकळी राहिली. साहेबांच्या माणसानं बॅटरीवरचा माईक पुढं केला. म्हादूनं तो घेतला नाही.

त्यानं गोष्ट सुरू केली. डोहातली मढी उठली, ओढ्यानं आली, म्हसोबाच्या दगडापाशी आली. आज कुणी हसत नव्हतं. सगळी माळावर आली, दाराला कडी लागली. मग तो थांबला. पाय ओढून दाखवायची जागा आली होती. त्यानं पाय ओढला नाही, जागचा हलला नाही.

"मग एक आज्जी आली," तो म्हणाला. "लांबनं चालत आली, लई भिजली होती. तिनं हाक घातली, हायसा काय गं घरात?"

"कोण न्हा..." दोन-तीन पोरांच्या तोंडातनं सवयीनं निघालं आणि अर्ध्यात तुटलं. ऋतिकानं गुडघ्यात तोंड घातलं.

"न्हाय, तसं न्हाय," म्हादू म्हणाला. "पोरं म्हणाली, हाय आज्जी, हाय आम्ही. आणि पोरांनी कडी काढली. आज्जी आत आली."

पुढं बसलेल्या एका बारक्या पोरानं डोळे मोठे केले. "मग ती चावली काय?"

"चावायला दात कुठं हाईत रं माझ्या तोंडात?" गुणाबाई म्हणाली आणि बोळकं उघडून दाखवलं.

पोरं हसली. मग बायका हसल्या, भरमू हसला, साहेबही हसले. ते बारकं पोरगं उठलं, तिच्या तोंडात खरंच दात नाहीत ना ते जवळ जाऊन बघून आलं, आणि परत येऊन बसलं ते मधल्या मोकळ्या जागेत. सगळ्यांत फक्त म्हादू हसला नाही.

"सांग की रं पुढं," गुणाबाई म्हणाली. "आत आली. मग?"

म्हादू उभाच राहिला. इतक्या गावांत, इतक्या मंडपांत त्यानं ती गोष्ट सांगितली होती, आणि दरवेळी ती दारातच संपत होती. आत आलेल्या बाईनं कुठं बसायचं, तिला चहा कुणी द्यायचा, तिच्याशी कुणी काय बोलायचं, हे त्यानं कधी रचलंच नव्हतं. सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं आणि त्याला एक वाक्य सुचत नव्हतं.